कंसातलं सायबर : कॉम्प्युटर सायन्स घ्यावं की सायबर सिक्युरिटी?

सीईटीचा पर्सेंटाइल हातात पडला की नाशकातल्या बारावीवाल्या घरांत पुढचे काही दिवस एकच विषय चालतो, ऑप्शन फॉर्म. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, यादीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असतं, आयटी असतं, एआय अँड डेटा सायन्स असतं. मग कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंगच्या पुढे कंस करून लिहिलेल्या शाखा सुरू होतात. एखाद्या कंसात नुसतं ‘सायबर सिक्युरिटी’ असतं, तर एखाद्यात ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज अँड सायबर सिक्युरिटी इन्क्लुडिंग ब्लॉकचेन टेक्नॉलॉजी’. हे मी रचलेलं नाही. या नावाची शाखा राज्याच्या यादीत खरंच आहे.

दुसरीकडे, कुणातरी निवृत्त गृहस्थांना ‘डिजिटल अरेस्ट’ करून लाखो रुपये लुबाडल्याची बातमी पेपरात दर दोन-चार दिवसांनी असतेच. त्यामुळे घरातली चर्चा फिरून फिरून एकाच वाक्यावर येते : “सायबरला पुढे खूप स्कोप आहे म्हणतात, मग तेच टाकू ना वर.” स्कोप आहे, त्यात वाद नाही. पण तेवढ्यावरून कंसातलं नाव बघून पसंतीक्रम लावणं मला घाईचं वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो : पदवीच्या पातळीवर कंसाच्या बाहेर काय शिकवतात ते बघा, कंसातल्याचं नंतर बघता येतं. आता हे मत कशावरून, ते सांगतो.

आधी दोन्ही म्हणजे काय

माहिती साठवायची कशी, त्यातून हवी ती झटकन शोधायची कशी, एकाच यंत्रावर शंभर कामं एकमेकांच्या पायात न येता चालवायची कशी, हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या यंत्राशी बोलायचं कसं, हे सगळं कॉम्प्युटर सायन्समध्ये येतं. सायबर सिक्युरिटीत यंत्र तेच असतं, फक्त प्रश्न उलटा होतो : हे बांधणाऱ्याने जे गृहीत धरलं, ते कुणी मुद्दाम मोडलं तर काय होईल?

सुरक्षा म्हणजे नेमकं काय सांभाळायचं, याची तीन उत्तरं कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात असतात : गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता. गोपनीयता सगळ्यांना कळते. माझे दवाखान्याचे रिपोर्ट दुसऱ्याने बघू नयेत, एवढीच ती गोष्ट. अखंडता कळायला सातबारा घ्या. ऑनलाइन सातबारा कुणीही बघू शकतो, म्हणजे तिथे लपवण्यासारखं फारसं काही नाही. पण त्यावरचं नाव कुणी परस्पर बदललं तर भाऊबंदकीच्या खटल्यात एक पिढी खर्ची पडते. तिसरी उपलब्धता. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता सगळं राज्य एकदम साइटवर तुटून पडतं आणि साइट बसते, तेव्हा माहिती चोरीला गेलेली नसते, कुणी बदललेलीही नसते, पण हवी तेव्हा मिळत नाही. हल्लेखोर कधीकधी नेमकं एवढंच करतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण बातम्या वाचून शाखा ठरवणाऱ्यांची गल्लत बहुधा इथेच होते. ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकरणात सहसा कुठलाही कॉम्प्युटर फोडलेला नसतो. पोलिसाचा वेश करून व्हिडिओ कॉलवर माणसाला घाबरवलेलं असतं. अशी अटक कायद्यात नाहीच, आणि पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करायचा, हे प्रत्येक घरात माहीत हवं. पण ते रोखणं हे पोलीस, बँका आणि जनजागृती यांचं काम जास्त आहे. विद्यापीठात सायबर सिक्युरिटी म्हणून जे शिकायचं असतं त्यातला मोठा भाग यंत्रं, प्रोग्रॅम आणि नेटवर्क कसे मोडतात याचा असतो. त्यातला अगदी साधा नमुना बघू.

एका अवतरणचिन्हाने काय होतं

समजा एका कॉलेजच्या साइटवर एक चौकट आहे. रोल नंबर टाकायचा, निकाल बघायचा. मागे डेटाबेस आहे, आणि डेटाबेसला एसक्यूएल नावाच्या ठरावीक भाषेत आज्ञा द्यावी लागते. प्रोग्रॅमरने सोपा मार्ग काढला. वाक्य अर्धं तयार ठेवलं : ज्याचा रोल नंबर ‘ ’ आहे त्याचा निकाल दाखव. त्या दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये विद्यार्थी जे टाइप करेल ते जसंच्या तसं चिकटवायचं. 1042 टाकलं, 1042 चा निकाल आला. परीक्षा विभाग खूश.

आता एक उपद्व्यापी मुलगा रोल नंबरच्या जागी आधी एक अवतरणचिन्ह टाइप करतो आणि त्यापुढे ‘किंवा एक बरोबर एक’ अशा अर्थाचे शब्द लिहितो. त्याच्या चिन्हाने प्रोग्रॅमरची चौकट तिथेच मिटली. पुढचे शब्द रोल नंबरचा भाग उरले नाहीत, ते आज्ञेचा भाग झाले. डेटाबेसला वाक्य दिसलं ते असं : ज्याचा रोल नंबर काहीच नाही, किंवा एक बरोबर एक आहे, त्याचा निकाल दाखव. एक बरोबर एक तर नेहमीच असतं. सगळ्या कॉलेजचा निकाल स्क्रीनवर.

याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. 1998 मध्येच हे जाहीरपणे लिहिलं गेलं होतं, आणि आजही नव्या साइटींमध्ये ते सापडतं.

खरी गंमत दुरुस्तीत आहे. वर्गात विचारलं की निम्मे हात वर होतात : “सर, अवतरणचिन्ह टाइपच करू द्यायचं नाही.” मग ज्यांच्या आडनावातच ते चिन्ह असतं अशा गोव्याच्या किंवा परदेशी मंडळींचं काय? शिवाय चौकट अंकांची असेल तर अवतरणचिन्ह लागतही नाही, आणि तेच चिन्ह वेगळ्या रूपात पाठवायच्या युक्त्याही आहेत. भक्कम उपाय असा : डेटाबेसला वाक्याचा सांगाडा आधी द्यायचा, तो त्याला समजून घेऊ द्यायचा, आणि किंमत मागाहून वेगळी पाठवायची. मग विद्यार्थ्याने काहीही टाइप केलं तरी ते फक्त रोल नंबर म्हणूनच वाचलं जातं. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. पण हा उपाय का चालतो हे कळायला डेटाबेस आधी वाक्याची फोड करतो आणि मग ते पार पाडतो, हे माहीत असावं लागतं. ही फोड कशी होते ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या डीबीएमएस आणि टीओसीमध्ये येतं. टीओसी म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशन. ‘याचा उपयोग काय’ म्हणत पोरं जो विषय जेमतेम काढतात तोच.

ही फट शोधून देणारी तयार टूल्स फुकट मिळतात. ती चालवायला शनिवार-रविवारचा क्लास पुरतो. पण अनुभवी प्रोग्रॅमरसमोर बसून ‘तुमची दुरुस्ती अपुरी आहे, आणि ती का, ते मी दाखवतो’ असं म्हणायला क्लास पुरत नाही. पगार मिळतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

अर्धा सेकंद जास्त

मार्च 2024 मधली गोष्ट आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. सिक्युरिटीवाले नव्हेत. ते आपल्या डेटाबेसचा वेग मोजत होते. मोजमाप नीट यावं म्हणून यंत्रावरचा बाकीचा गोंधळ कमी करत असताना त्यांना दिसलं की दुरून लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसरही नको इतका राबतोय. दुसरा कुणी असता तर ‘आज मशीन स्लो आहे’ म्हणून चहाला गेला असता. हे मागे लागले.

निघालं ते असं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जिथे तिथे वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवली होती. ‘जिआ टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षं त्या प्रकल्पात इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावला होता, आणि मग 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत हा प्रताप केला. 29 मार्चला फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. तोवर या आवृत्त्या बहुतेक चाचणीच्याच लिनक्समध्ये पोचल्या होत्या. आणखी काही महिने हे लक्षात आलं नसतं तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांची किल्ली एका अनोळखी माणसाच्या हातात गेली असती.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कुठल्याही महागड्या सिक्युरिटी उपकरणाने ते पकडलं नव्हतं. पकडलं ते एका माणसाने, कारण लॉगिनला साधारण किती वेळ लागायला हवा हे त्याला ठाऊक होतं. लॉगिन करताना आत कोणकोणते प्रोग्रॅम एकमेकांना हाक मारतात हेही ठाऊक होतं. हा ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यास. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची मुलं ज्याला एसपीओएस (सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम) म्हणतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात.

अलार्म वाजला, पुढे काय?

सायबरमधली पहिली नोकरी बहुतेकांना ‘सॉक’मध्ये मिळते, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये. कंपनीच्या सगळ्या यंत्रांच्या नोंदी तिथे येतात, सॉफ्टवेअर त्यातलं संशयास्पद वाटेल त्यावर अलर्ट काढतं, आणि चोवीस तास पाळ्यांनी बसलेली माणसं ते अलर्ट तपासतात. यातले पुष्कळसे फुसके असतात. रात्री तीनला कुणी लॉगिन केलं : हल्ला आहे, की अमेरिकेतल्या क्लायंटसाठी जागणारा आपलाच माणूस?

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की फोटो गावभर फिरतात. पण सराफ बाजारातला जुना दुकानदार तेवढ्यावर माल हलवत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय, त्र्यंबकला पाऊस धरून आहे का, वाघाडी नाला भरून येतोय का, होळकर पुलाखाली आकडा काय, हे सगळं विचारून तो ठरवतो. पाणी कमरेला लागलंय हे कुणालाही दिसतं. ते आणखी चढणार की तासाभरात उतरणार, हे ज्याला नदी माहीत आहे त्यालाच सांगता येतं. सॉकमधला अलर्ट हा मारुती आहे. नेटवर्कमध्ये एरवी काय चालतं, कुठलं यंत्र कुणाशी बोलतं, ही नदी.

मग कंसातली शाखा नकोच का?

असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी कंसातल्या शाखेची पहिली दोन वर्षं आणि साध्या कॉम्प्युटरची पहिली दोन वर्षं यांत उन्नीस-बीसचाच फरक असतो. तिथे जे मिळेल ते घ्या. पण काही अभ्यासक्रमांत ब्लॉकचेन, आयओटी, एथिकल हॅकिंग अशी आकर्षक नावं बसवण्यासाठी मूळ विषय आखडते घेतलेले असू शकतात. ते तपासायचं कसं?

मी पालकांना एक उपाय सांगतो. गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या कॉम्प्युटर सायन्स पेपरचा अभ्यासक्रम डाउनलोड करा. त्यात डिस्क्रीट मॅथ्स, डिजिटल लॉजिक, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, टीओसी, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे मुख्य विषय आहेत. मुलाने गेट द्यावी म्हणून नव्हे, मोजपट्टी म्हणून. कॉलेजच्या शाखेचा चार वर्षांचा तक्ता शेजारी ठेवा आणि पेन्सिलीने खुणा करत जा. यातले आठ-नऊ विषय पूर्ण आणि प्रॅक्टिकलसकट येत असतील तर कंसात काहीही लिहिलेलं असू द्या.

नाशकात हे तपासणं थोडं किचकट आहे, कारण सगळ्यांचा अभ्यासक्रम एकच नाही. पंचवटीत के. के. वाघ, आडगावला भुजबळ नॉलेज सिटी, गंगापूर रोडला मविप्रचं बाबुराव ठाकरे, त्र्यंबक रोडला महिरावणीचं संदीप विद्यापीठ, अशी ठिकाणं आहेत. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालतो, स्वायत्त झालेलं कॉलेज आपला ठरवतं, आणि खासगी विद्यापीठ तर पूर्णच स्वतःचा. म्हणून शेजारच्या ताईने त्याच नावाची शाखा दुसऱ्या कॉलेजात केली, यावरून काही सिद्ध होत नाही. त्या त्या कॉलेजचा तक्ता बघितला पाहिजे.

दुसरं बघायचं ते शिक्षक. 2024-25 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने, चांगल्या कामगिरीच्या कॉलेजांना जागांवरची वरची मर्यादा उठवली. एक तुकडी वाढवायला एक मंजुरी पुरते. नेटवर्क नीट शिकवू शकणारा शिक्षक तयार व्हायला वर्षं जातात. प्रवेशाच्या दिवशी सजवलेल्या कक्षात विचारून हे कळणार नाही. कॅन्टीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि एवढंच विचारा : नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं टूल) लावून स्वतः पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पकडलं होतं, की जर्नलमध्ये दुसऱ्याच्या आउटपुटचा प्रिंट चिकटवला? चेहऱ्यावरच उत्तर मिळतं.

आणि कंसातलं हवंच असेल तर ते नंतर घेता येतं. अनेक ठिकाणी नियमित पदवीबरोबर 18 ते 20 जादा क्रेडिटचं ‘ऑनर्स’ किंवा ‘मायनर’ सायबर सिक्युरिटीत करता येतं. हा मार्ग मला जास्त पसंत आहे. आधी दोन वर्षं मूळ विषय करून, आवड खरीच आहे का ते बघून मग ठरवता येतं.

“त्यापेक्षा सर्टिफिकेट करून टाकलं तर?”

कॉलेज रोडच्या क्लासेसच्या फलकांवर सीईएच, ओएससीपी, सीआयएसएसपी अशी सायबर सिक्युरिटीच्या सर्टिफिकेटांची नावं असतात म्हणून थोडक्यात सांगतो. सर्टिफिकेटं सगळी एका तोलाची नाहीत. सीईएचची (सर्टिफाइड एथिकल हॅकर) मूळ परीक्षा पर्यायी प्रश्नांची आहे. नोकरीच्या जाहिरातीत नाव असतं, म्हणून अर्ज चाळणीतून पुढे जायला तिचा उपयोग होतो. ओएससीपीला मात्र जवळजवळ चोवीस तास बसून खरोखरची यंत्रं भेदावी लागतात आणि मग त्यावर अहवाल लिहावा लागतो. ती केलेल्याला मुलाखतीत वेगळी वागणूक मिळते. सीआयएसएसपीला तर पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पदवी वगैरे असली तर एक वर्ष सूट. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलाला कुणी ‘सीआयएसएसपीची बॅच’ विकायला लागलं तर नम्रपणे बाहेर पडा.

“गणित कच्चं आहे हो आमच्याकडे”

क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती गूढ करून पाठवायचं शास्त्र, गणिताशिवाय होत नाही. 1977 ची आरएसए पद्धत दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा असतो पण गुणाकारावरून त्या संख्या परत काढणं महाकठीण असतं, यावर उभी आहे. पण या क्षेत्रातल्या फार थोड्या लोकांना नवी क्रिप्टोग्राफी रचावी लागते. बाकीच्यांना ती कुठे आणि कशी वापरायची, आणि कुठे चुकीची वापरली गेली, एवढं कळावं लागतं. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची, केटी लागली म्हणून कुणाचं सायबरमधलं करिअर बुडत नाही. तर्क कच्चा असेल तर मात्र अवघड आहे.

“एआय सगळं खाऊन टाकेल, मग?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सॉकमधलं अगदी पहिल्या पायरीचं काम, म्हणजे अलर्ट उघडायचा, ठरलेल्या चार गोष्टी तपासायच्या आणि बंद करायचा, यंत्राकडे आधी जाणार हे उघड आहे. टूल चालवून त्याचा रिपोर्ट पुढे ढकलणाऱ्याचंही तेच. दुसरीकडे एआयने लिहिलेला कोड ढिगाने बाजारात येतोय आणि वर सांगितलेली अवतरणचिन्हाची चूक तोही करतो, कारण तो माणसांच्याच कोडवर शिकलाय. तो कोड वाचून ‘इथे गडबड आहे’ म्हणणारे लागतीलच. पण आजच्या मुलांना माझ्या पिढीसारखी सोप्या कामावर हळूहळू शिकत जायची दोन वर्षं मिळतीलच असं नाही. जे नोकरीत शिकायचं ते कॉलेजातच शिकून निघावं लागेल. मूळ विषयांवर मी इतका अडून बसतो ते यासाठीही.

“पोरगा हॅकर झाला आणि पोलीस घरी आले तर?”

आयांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि कॉलेजं यावर फार कमी बोलतात. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चं कलम 43 आणि कलम 66 एकत्र वाचलं तर परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या यंत्रात शिरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हे 66सी मध्ये येतं. ‘मी काही चोरलं नाही, फक्त कॉलेजच्या साइटमध्ये फट आहे का ते बघत होतो’ ही कैफियत ऐकून घेतली जाईलच असं नाही. हेतू चांगला होता हे सिद्ध करत बसायची वेळ मुळात येऊ नये.

सराव करायला कायदेशीर जागा भरपूर आहेत. ज्यूस शॉपसारखी मुद्दाम सदोष बनवलेली साइट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येते. अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ फुकट आहे. काही कंपन्या आपल्या यंत्रणेतल्या चुका शोधायची लेखी मुभा देऊन बक्षीसही देतात, तिथे मर्यादा काय आहेत ते आधी नीट वाचायचं. आणि चुकून एखादी खरी फट दिसलीच तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फुशारकी न मारता त्या संस्थेला किंवा सर्ट-इनला कळवायचं. सर्ट-इन ही यासाठी नेमलेली केंद्र सरकारची संस्था.

इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही तर

मार्ग बंद होत नाही. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे, बीसीए आहे. बीसीए 2024 पासून एआयसीटीईच्या कक्षेत आल्याने राज्यात त्यासाठी वेगळी सीईटी द्यावी लागते, तिची तारीख चुकवू नका. दहावीनंतर पॉलिटेक्निक केलेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, आणि यांचा हात प्रॅक्टिकलला बसलेला असतो हा माझा अनुभव. पदवीनंतर सी-डॅकचा डिटिस नावाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीवरचा, त्याला सी-कॅट या प्रवेश परीक्षेतून जाता येतं. मोजपट्टी सगळीकडे तीच : ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, आणि निदान एक भाषा मुळापासून, शक्यतो सी.

नाशकात राहून नोकरी मिळेल?

सुरुवातीला बहुतेक जण पुणे, मुंबई किंवा बंगळूर गाठतात, हे खरं आहे. पण दोन ठिकाणी नाशिकच्या मुलांनी नीट बघावं असं मला वाटतं.

पहिलं सहकारी बँका. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढायची विनंती आली की ती ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेतून बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरकडे जाते आणि खात्यात शिल्लक आहे का हे विचारून परत येते. हल्लेखोरांनी मधेच आपला खोटा स्विच उभा केला. तो मुख्य सॉफ्टवेअरला काही न विचारताच ‘द्या पैसे’ म्हणत राहिला. 11 ऑगस्टला काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, आणि 13 तारखेला आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला वळते झाले. इथेही आत शिरल्यावर हल्लेखोरांच्या कामी आलं ते व्यवहाराचा निरोप कुठून कुठे जातो याचं बारीक ज्ञान. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट ठरवून दिली, बँक जितकी डिजिटल तितकी जबाबदारी जास्त अशी पायऱ्यांची. आपल्या भागात या बँका गल्लोगल्ली आहेत, आणि हे काम कळणारी माणसं त्यांना सहज मिळत नाहीत.

दुसरं सातपूर-अंबडचे कारखाने. तिथल्या यंत्रांवर पीएलसी नावाचे छोटे कॉम्प्युटर हुकूम चालवतात : झडप उघड, मोटर थांबव. पूर्वी ते कशालाच जोडलेले नसत. आता मालकाला उत्पादनाचा आकडा मोबाइलवर हवा असतो, म्हणून जोडले गेले. अशा यंत्रांवर हल्ला झाला तर काय होतं हे 2010 मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने दाखवलं. इराणमध्ये नतांझला युरेनियमचे सेंट्रिफ्यूज त्याने वेड्यावाकड्या वेगाने फिरवले आणि नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत राहिलं. कारखान्यातल्या अशा यंत्रांच्या सुरक्षेला ओटी (ऑपरेशनल टेक्नॉलॉजी) सिक्युरिटी म्हणतात. इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनला प्रवेश मिळाला म्हणून हिरमुसलेल्या मुलांनी जरा इकडे बघावं. पीएलसी आणि नेटवर्क दोन्ही येणारा माणूस शोधून सापडत नाही.

कॉलेज सुरू होईपर्यंत

ओव्हरदवायर या साइटवर ‘बँडिट’ नावाचा फुकट खेळ आहे. दुरून एका लिनक्स यंत्रात शिरायचं, प्रत्येक पातळीवर लपवलेला पासवर्ड शोधायचा, तो वापरून पुढे जायचं. सुरुवातीलाच एक फाइल येते जिचं नाव नुसतं डॅश आहे, आडवी रेघ. नेहमीसारखी ‘कॅट’ ही आज्ञा देऊन फाइल उघडायला जावं तर काहीच होत नाही, पडदा ढिम्म. यंत्र बंद पडलेलं नसतं. नुसत्या डॅशचा अर्थ त्या आज्ञेने ‘कीबोर्डवरून वाचायचं’ असा लावलेला असतो आणि ते बिचारं तुमच्या टाइप करण्याची वाट बघत असतं. फाइलीच्या नावाआधी ती कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता दिला की काम होतं. व्हिडिओत उत्तर तीस सेकंदांत मिळतं, पण स्वतः तासभर डोकं खाजवून काढलं तर लिनक्स आज्ञा कशी वाचतं ते पक्कं बसतं. दहा-बारा पातळ्या अशा झाल्यावरही मजा येत असेल, तर हे क्षेत्र मुलाला मानवणार म्हणायला हरकत नाही.

राहता राहिला लॅपटॉप. एका यंत्राच्या पोटात दोन-तीन आभासी यंत्रं चालवावी लागतात, म्हणून रॅम 16 जीबी असलेली बरी. जुन्या 8 जीबीवरही पहिलं वर्ष निभावतं. ‘सायबरसाठी गेमिंग लॅपटॉपच लागतो’ असं चिरंजीव किंवा कन्यारत्न म्हणाले, तर ग्राफिक्स कार्ड नेमकं कशाला हवं ते त्यांनाच विचारा. एक खरं उत्तर आहे : हॅश करून, म्हणजे मूळ रूप सहज परत काढता येणार नाही असे बदलून, ठेवलेले पासवर्ड फोडायच्या सरावाला ते वेग देतं. हे उत्तर न अडखळता आलं तर विचार करा, पण पुढच्या वर्षी.